फायनलची उरलेली नव्वद मिनिटं

ग्वाल्हेरहून परत येऊन दहा दिवस झाले. कट्ट्यावर रोज कोणीतरी विचारतं, "काय दिनकरराव, किल्ला बघितला का?" बघितला. गजक खाल्ली का? खाल्ली, दोन डबे आणलेत, घरी या. पण मी ग्वाल्हेरला किल्ल्यासाठी गेलो नव्हतो आणि गजकेसाठी तर नाहीच. मी फुटबॉलची फायनल बघायला गेलो होतो. तिथं जे झालं ते चहाच्या दोन घोटांमध्ये सांगून संपणारं नाही, म्हणून एकदाच बैठक मारून लिहून काढतोय.

आधी माझी ओळख. मी कोल्हापूरचा. पेठेच्या संघाकडून चौदा वर्षं लेफ्ट बॅक खेळलो आणि गुडघा गेल्यावर वीस वर्षं शिट्टी फुंकली. फुटबॉलमधलं मला कळत नाही असं फारसं काही उरलेलं नाही, हे मी नम्रपणे सांगतो. नम्रपणे सांगितलेलं लोक मनावर घेत नाहीत, म्हणून बऱ्याचदा मोठ्यानं सांगावं लागतं.

माझी थोरली बहीण विमलअक्का लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली, त्याला आता पस्तीस-छत्तीस वर्षं झाली. दाजींचे पूर्वज साताऱ्याकडून घोड्यावर बसून तिकडं लढायला गेले आणि तिथंच राहिले. दाजी स्वतः मात्र सरकारी कचेरीत खुर्चीवर बसून निवृत्त झाले. त्यांची एकुलती एक मुलगी मृणाल. वय एकतीस, बिर्ला नगरच्या महिला क्लबची गोलकीपर आणि कप्तान. माझ्या घरात फुटबॉल कुणी उचलला नाही. तो भाचीनं उचलला, तोही हातांनी.

या वर्षी तिच्या क्लबनं कमाल केली. चार देशांतल्या महिला क्लबांच्या स्पर्धेत ह्या पोरी थेट फायनलला पोचल्या. समोर नेपाळमधला, पोखऱ्याचा क्लब. फायनल दोन लेगची, म्हणजे एक सामना त्यांच्या मैदानावर, एक आपल्या, आणि दोन्हींचे गोल मिळवून ज्याचे जास्त त्याचा कप. पहिला लेग पोखऱ्याला झाला. मी तो मोबाइलवर बघितला. एक-एक अशी बरोबरी असताना, सामना संपायला चार मिनिटं उरलेली, एक साधा फटका मृणालच्या हातात आला आणि हातातून निसटून गोलात गेला. दोन-एक. मी मोबाइल उलटा ठेवून दिला.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "मामा, दुसरा लेग आमच्याकडे आहे. तुम्ही येऊन जा. माझी शेवटची मॅच आहे." पुढच्या महिन्यापासून तिला शिवपुरीच्या मुलींच्या निवासी शाळेत खेळशिक्षिकेची नोकरी होती. गुडघाही कुरकुरत होता. "मला कप घेऊनच जायचंय. तो गोल मागे सोडून नाही जायचं."

मी त्याच संध्याकाळी तिकीट काढलं.

शुक्रवार: दाल बाजार

अक्काचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दाल बाजाराच्या मागच्या गल्लीत. रिक्षा बाजारापर्यंतच येते. पुढं डाळींची पोती, हातगाड्या आणि "साइड भैया, साइड" असं ओरडणारे हमाल यांच्यामधून अंग चोरत जावं लागतं. थंडी अशी की मी स्वेटर, मफलर आणि वर कानटोपी असा तिहेरी बंदोबस्त केला होता. तिथली माणसं मात्र एका स्वेटरवर निवांत उभी राहून गरम गजक चावत होती. तीळ-गुळाची ही कुरकुरीत वडी तिकडं थंडीभर चालते, आपल्यासारखी संक्रांतीपुरती नाही.

अक्कानं दार उघडलं आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आलास? किती वाळून गेलास रे! चल, पहिले हातपाय धुऊन घे, नंतर नाश्ता करून घे."

नाश्त्याला कचोरी आणि जिलबी. सकाळी आठ वाजता जिलबी! मी मिसळीत वाढलेला माणूस, मला सकाळी घाम यायला हवा, तोंड चिकट व्हायला नको. मी कोल्हापूरहून नेलेली कांदा-लसूण चटणी काढली. अक्कानं ती डोळ्यांना लावावी तशी हातात घेतली, झाकण उघडून वास घेतला, आणि मग दोन चमचे दह्यात कालवून टाकली. "आता इतकं तिखट सोसत नाही रे. आदत सुटली," ती म्हणाली. मला जरा वाईट वाटलं, पण दही खाल्लं.

एवढ्यात मृणाल सरावाहून आली. उंच, खांद्यात रुंद, हातात बुटांची पिशवी. "मामा! किती लेट! ट्रेन कुठे अटकून पडली होती?" असं म्हणत तिनं मला अशी मिठी मारली की बरगड्या मोजल्या गेल्या. ती बसली तीच पोखऱ्याच्या गोलाबद्दल बोलायला लागली. दुसरं कोणी असतं तर विषय टाळला असता. तिनं तो गोल मोबाइलवर इतक्यांदा बघितला होता की मलाच दाखवून समजावून सांगितलं.

"बघा, बॉल ओला होता. असा बॉल छातीशी घ्यायचा असतो. मी हातांवर भरवसा केला. बस, इतकीच गलती." मग मोबाइल बंद करून म्हणाली, "रविवारी नाही होणार."

तिच्या आवाजात रडणं अजिबात नव्हतं. मला ही पोर फार आवडली.

दुपारी आम्ही बिर्ला नगरला गेलो. एके काळी इथं कापडाची मिल होती. आता ती बंद आहे, कामगारांच्या लाइनीतली घरं मात्र माणसांनी भरलेली आहेत. मैदान त्या घरांच्या मधोमध आणि पश्चिमेला लांबच्या लांब किल्ला. तिथं उस्ताद भेटले. नाव शिवचरण, वय सत्तरीचं, क्लबचे प्रशिक्षक. मिलचा स्वतःचा संघ होता तेव्हा ते त्याचे गोलकीपर होते. मृणालला बारा वर्षांची असल्यापासून त्यांनीच घडवलं. मी कोल्हापूरचा रेफरी म्हटल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. कोल्हापुरात फुटबॉलला हजारोंनी लोक येतात हे त्यांना माहीत होतं. ग्वाल्हेर हॉकीचं गाव, तिथं फुटबॉल म्हणजे सावत्र लेकरू.

उस्तादांनी मला मिलच्या काळातली एक रीत सांगितली. खेळाडू शेवटचा सामना खेळला की मैदानावरच आपलं सामान लोकांना लुटवून द्यायचा. कुणी जर्सी, कुणी मोजे. उस्तादांनी आपली कीपरची टोपी फेकली होती, ती एका विणकरानं पकडली आणि मरेपर्यंत घातली. "सामान घर ले जाओ तो खेल छूटता नहीं," उस्ताद म्हणाले. "लुटा दो, तब छूटता है."

मग ते मुद्द्यावर आले. "मामाजी, एक बात बताइए. रविवार को एक-शून्य से जीत गए तो दोनों मैच मिलाकर दो-दो हो गया. तब?"

मी हसलो. हा प्रश्न मला झोपेतून उठवून विचारला तरी चालला असता. दोन लेगमध्ये बरोबरी झाली तर परक्या मैदानावर ज्यानं जास्त गोल केले तो विजेता. आपण पोखऱ्याला जाऊन एक गोल केलेला. त्यांनी इथं एकही केला नाही तर आपला तो एक भारी. हा अवे गोलचा नियम मी शेकडो पोरांना शिकवलाय.

"एक-शून्य हुआ तो कप आपका," मी माझ्या कोल्हापुरी हिंदीत म्हणालो. "दूसरा गोल करने को भागने का नहीं. दरवाजा बंद करके बैठने का."

उस्तादांनी डोकं खाजवलं. "नियमों वाली फ़ाइल आई तो है मोबाइल पर, अंग्रेज़ी में है. किताब एक बार देख लें?"

"उस्ताद," मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "किताब हम है."

शेजारी मृणाल बुटाची नाडी बांधत होती. तिनं वर बघितलं. "पक्का ना, मामा?"

"पक्का," मी म्हणालो.

शनिवार: किला गेट

शनिवारी मृणालला सराव होता आणि दाजींना त्यांच्या माइकची काळजी. मैदानावर निवेदन तेच करतात. म्हणून मी एकटाच किल्ला बघायला निघालो. किला गेटला उतरलो. दुकानं, घरं, माकडं आणि त्यांच्यामधून वर जाणारा दगडी चढ. चढ बघून माझ्या गुडघ्यानं हात जोडले, पण मी त्याला पन्हाळ्याची शपथ घातली आणि निघालो.

खरं सांगतो, पन्हाळा आपला म्हणून प्यारा. पण ग्वाल्हेरचा किल्ला बघून मी गप्प झालो. पन्हाळा आपल्याला पोटात घेतो, हा किल्ला आपल्याला खाली उभं करून वरून बघतो. वरच्या महालाच्या भिंतीवर निळ्या फरश्या आहेत आणि त्यांच्यावर पिवळी बदकं, ओळीनं चाललेली. एवढा दांडगा किल्ला बांधणाऱ्या माणसाला भिंतीवर बदकं काढावीशी वाटली, ह्याचं मला फार कौतुक वाटलं.

त्या बदकांसमोर लाल ट्रॅकसूट घातलेल्या वीस-बावीस मुली फोटो काढत होत्या. पोखऱ्याचा संघ! त्यांच्याबरोबर त्यांचे मॅनेजर थापाजी, साधारण माझ्याच वयाचे, गोल चेहऱ्याचे, फार अदबीनं बोलणारे. मी ओळख दिली. गोलकीपरचा मामा म्हटल्यावर त्यांनी त्यांच्या कीपरला हाक मारली. सरिता तिचं नाव, एकोणीस वर्षांची, बुटकी आणि चपळ. ती हात जोडून म्हणाली, "मृणाल दीदी का गोलकिक मैं वीडियो में देखती हूँ. बहुत दूर जाता है." मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी अख्ख्या संघाला खाली उतरल्यावर कचोरी खायला घातली.

किला गेटच्या त्या दुकानात पानांच्या द्रोणात गरम कचोरी मिळाली, वर बटाट्याची पातळ भाजी. दोन दिवसांत मला तिची चटक लागली होती, हे अक्काला सांगू नका. खाता खाता थापाजी म्हणाले, "कल हमारी बस शाम छह बजे की है. मैं सोच रहा हूँ आगे बढ़वा दूँ. एक-शून्य वग़ैरह हो गया तो एक्स्ट्रा टाइम खेलना पड़ेगा."

मला त्या भल्या माणसाची दया आली. इतक्या लांबून फायनलला आलेला मॅनेजर आणि नियम माहीत नाही! मी द्रोण बाजूला ठेवला आणि अवे गोलचा नियम त्यांना व्यवस्थित समजावून सांगितला. टेबलावर मिरच्या मांडून सांगितला.

थापाजींनी ऐकून घेतलं. "अच्छा?" ते म्हणाले. "हमने तो कुछ और पढ़ा था."

"पुराना पढ़ा होगा आपने," मी म्हणालो.

ते पुन्हा "अच्छा" म्हणाले, हसले आणि दुसऱ्या कचोरीला लागले. तेव्हा मला वाटलं, माणसाला पटलं. आज कळतं, त्यांच्या पोटात माझं मीठ जात होतं आणि त्यांना मला मुलींसमोर तोंडघशी पाडायचं नव्हतं.

रविवार: बिर्ला नगर

सकाळी धुकं इतकं की समोरचा गोलपोस्ट दिसत नव्हता. बारा वाजता ऊन पडलं आणि लाइनींमधून माणसं बाहेर यायला लागली. आपल्याकडं सामन्याला येणारा माणूस शिट्ट्या, भोंगे आणि भांडणाची तयारी करून येतो. इथं निम्म्याहून जास्त बायका होत्या. त्या सतरंज्या, विणकाम आणि मटाराच्या शेंगांच्या टोपल्या घेऊन आल्या. उन्हाकडं पाठ करून मटार सोलत सोलत त्यांनी जी शेरेबाजी चालवली, ती ऐकून मी वहीत लिहून घेतली असती, पण बोटं गारठली होती.

दाजी सुटाबुटात, माइकसमोर. "देवियो और सज्जनो, आज बिर्ला नगर इतिहास की चौखट पर खड़ा है!" अक्का माझ्या शेजारी, डोळे मिटून. ती मृणालच्या एकाही सामन्यात डोळे उघडत नाही, फक्त आवाज ऐकते.

पहिला अर्धा भाग गोल न होता गेला. मृणालनं तीन फटके अडवले आणि तिन्ही वेळा चेंडू छातीशी घेतला, दोन्ही हातांनी मिठीत. पुढच्या भागात, वीसेक मिनिटं झाली असतील, शबनम नावाच्या आमच्या फॉरवर्ड मुलीनं उजवीकडून आत घुसून असा गोल मारला की मटाराच्या टोपल्या उडाल्या. एक-शून्य!

मी रेषेजवळ धावलो. "उस्ताद, दरवाजा बंद!" उस्तादांनी हात हलवले, पोरी मागं आल्या. पोखऱ्याच्या मुली थकल्या होत्या, अक्षरशः पाय ओढत होत्या. त्या वेळी आमच्या पोरी आणखी एक गोल सहज मारतील अशी स्थिती होती. शेवटच्या पाच मिनिटांत तर शबनम एकटी चेंडू घेऊन त्यांच्या गोलाकडं निघाली, समोर फक्त सरिता. आणि मी ओरडलो, "कोने में! कोने में ले!" तिनं ऐकलं. चेंडू कोपऱ्यात नेऊन, पाठ वळवून, वेळ काढत उभी राहिली. मी टाळ्या वाजवल्या.

शिट्टी झाली. मैदानात ढोल आला, झेंडूचे हार आले, कुणी तरी अनार लावला. दाजींचा आवाज फाटला. अक्कानं डोळे उघडले आणि रडायला लागली. पोरींनी उस्तादांना खांद्यावर घेतलं, दोघींनी पायांतले बूट काढून भिरकावले. आणि मृणाल मैदानाच्या मधोमध आली, चारी बाजूंना नमस्कार केला आणि हातांतले ग्लोव्ज काढले. एक तिनं बायकांच्या सतरंज्यांकडं फेकला, दुसरा मिलच्या भिंतीकडं उभ्या असलेल्या गर्दीत. लोकांनी झडप घातली. माझे डोळे भरून आले होते, ते मी लपवले नाहीत.

पोखऱ्याच्या मुली एका बाजूला शांतपणे पाणी पीत होत्या, एकमेकींच्या पोटऱ्या चोळत होत्या. बिचाऱ्या, असं माझ्या मनात आलं.

मग ढाक्याहून आलेल्या रेफरी बाई गर्दीतून वाट काढत उस्तादांपाशी आल्या. त्यांनी घड्याळाकडं बोट दाखवलं, मग मैदानाच्या मध्याकडं. उस्ताद खांद्यावरून खाली उतरले. बाईंनी मोबाइल काढून त्यांना काहीतरी वाचून दाखवलं. उस्तादांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

अवे गोलचा नियम बऱ्याच स्पर्धांनी अलीकडं काढून टाकला आहे, हे मी कुठंतरी वाचलं होतं आणि खोटं म्हणून सोडून दिलं होतं. या स्पर्धेनंही काढला होता. फाइलीत तिसऱ्याच पानावर होतं. दोन-दोन म्हणजे बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे आणखी तीस मिनिटं खेळ.

पाच मिनिटांची सुट्टी मिळाली. ढोल थांबला. पोरी आपापले बूट शोधायला धावल्या. पण मृणालचे ग्लोव्ज? मी दाजींच्या हातातून माइक हिसकावला. "भाइयों और बहनों, वो हातमोजा, मतलब दस्ताना, जिसको भी मिला, जल्दी से वापस करने का! खेल अभी बाकी है!" एक ग्लोव्ह सापडला, मटाराच्या टोपलीत, सालींखाली. दुसरा काही येईना. ज्याला मिळाला तो माणूस तो घेऊन आनंदानं घरी गेला होता म्हणे.

मृणाल एका हातात ग्लोव्ह घालून गोलाकडं चालली होती. तेवढ्यात पलीकडून सरिता धावत आली, हातात स्वतःची जादा जोडी. "दिदी, यो लगाउनुस्," असं म्हणून तिनंच ती मृणालच्या हातांत चढवली. बोटांना जरा घट्ट होती. मृणालनं दोनदा मूठ उघडून मिटून बघितली आणि सरिताच्या डोक्यावर थोपटलं. मी थापाजींकडं बघू शकलो नाही.

त्या तीस मिनिटांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आमच्या पोरींचं अंग थंड पडलं होतं आणि मनही. जिंकून झाल्यावर पुन्हा जिंकायला निघणं फार जड जातं. गोल झाला नाही. मग पेनल्टी, दोन्हीकडून पाच-पाच.

मृणालनं दोन अडवल्या. ऐका, पाचांतल्या दोन! एक डावीकडं झेपावून, दुसरी पायानं. मी आयुष्यात एवढं चांगलं कीपिंग समोरून बघितलेलं नाही, आणि मी बरंच बघितलंय. पोखऱ्याचे तीन गोल झाले. पण आमच्या पोरींचे दोनच. एक बारवरून गेली, एक सरितानं अडवली, आणि पाचवी शबनमची. ती पोस्टाला लागली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. कप पोखऱ्याला गेला. आमच्या पोरी शबनमला मैदानाच्या मधोमध घेऊन तिच्याभोवती उभ्या राहिल्या.

मग गर्दीला बोलायला माणूस सापडला. "उस्ताद को नियम तक नहीं मालूम!" "लड़कियों को पीछे बुला लिया!" "शबनम को रोका किसने?" एका बाईनं सतरंजी गोळा करता करता म्हटलं, "बूढ़े हो गए, अब घर बैठें." उस्ताद मैदानाच्या कडेला पिशवीत चेंडू भरत होते. त्यांनी एकदाही माझ्याकडं बोट दाखवलं नाही, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. एकामागून एक चेंडू भरत राहिले.

मी तिथून गुपचूप घरी जाऊ शकलो असतो. दुसऱ्या दिवशी गाडी होती. वीस वर्षांत मी मैदानावर चुकलो असेन, पण कधी कबूल केलेलं नाही. रेफरीनं कबूल करायचं नसतं, असंच आम्हाला शिकवलंय. मी दाजींकडं गेलो आणि पुन्हा माइक मागितला. त्यांना वाटलं, ग्लोव्हबद्दल असेल.

"मैं कोल्हापूर से आया," मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला. "मृणाल का मामा. उस्ताद किताब देखने को बोले थे. मैंने नहीं देखने दिया. शबनम को मैंने रोका. उस्ताद की गलती नहीं है. गलती मेरी है."

मी माइक खाली ठेवला. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. अक्का माझ्याकडं बघत होती, उघड्या डोळ्यांनी.

मृणाल मैदानाच्या मध्यातून माझ्याकडं चालत आली. तिनं ग्लोव्ज सरिताला परत दिले होते, हात मोकळे होते. तिचे डोळे लाल होते. मी म्हणालो, "बाळ, तुझा कप..."

"चला," ती म्हणाली.

"कुठं?"

"मध्ये. मामा, आमच्यात जो चुकतो तो मध्ये उभा राहतो. पोखऱ्याला मी उभी होते." तिनं माझं मनगट धरलं, गोलकीपरची पकड, सोडवून घेण्यासारखी नव्हती. "आत्ता शबनम उभी होती. आता तुमचा नंबर."

मी नको नको म्हणत होतो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, मफलर लोंबतोय. तिनं मला मैदानाच्या बरोबर मधोमध नेऊन उभं केलं आणि पोरी एकेक करून आल्या, चिखलानं आणि घामानं भरलेल्या, आणि माझ्याभोवती गोल करून एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकले. शबनम अगदी समोर होती. बाहेरून उस्तादही आले आणि त्यांनीही हात टाकला. मला हात कुठं ठेवावेत कळेना. मग मृणालनं माझं डोकं आपल्या छातीशी घेतलं, दोन्ही हातांनी, घट्ट, आणि मी तिथं, अख्ख्या बिर्ला नगरासमोर, मोठ्यानं रडलो.